सव्वीसातले सहा आठवडे

सव्वीस आठवड्यांची रजा, त्यातले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाच्या आधी आणि उरतील ते नंतर. नियम लिहिणाऱ्याला काय जातंय लिहायला! त्याच्या पोटात थोडंच कोणी लाथा मारत होतं. आधी घेतलेला एकेक आठवडा नंतरच्या रजेतून जातो म्हणजे नेमकं काय होतं, हे ज्या बाईने एकदा भोगलंय तिलाच कळतं. आणि आपल्या या बाईने ते चांगलंच भोगलं होतं.

कारखान्यात तिला सगळे 'वरची' म्हणायचे. पाठीमागे वरची, तोंडावर वरच्या बाई. मोठमोठ्या लोखंडी टाक्या बनवणाऱ्या त्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्या विभागात, छताखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत क्रेन धावायची आणि तिच्या केबिनमध्ये ही बसायची. अडतीस पायऱ्या चढून वर जायचं, काचेच्या खोक्यात बसायचं, दोन हातांत दोन लिव्हर धरायचे आणि खालच्या सिग्नलवाल्याच्या हाताकडे बघत दहा-वीस टनांचं लोखंड उचलायचं, न्यायचं, ठेवायचं. अकरा वर्षं झाली होती. सुरुवातीला 'बाईच्या हुकाखाली कोण उभं राहणार?' असं म्हणणारे आता तिच्याच पाळीत काम मिळावं म्हणून खटपट करायचे.

आता चौतिसावा आठवडा लागला होता. पोट लिव्हरला टेकायला लागलं म्हणून तीन आठवड्यांपूर्वी तिने केबिनमधली खुर्ची दोन खाचा मागे सरकवली होती. त्यामुळे हात पूर्ण लांब करावे लागत, कोपरं सरळ होत आणि खालची जमीन पुढे वाकल्याशिवाय नीट दिसत नसे. वाकायला पोट देत नसे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय, असं ती स्वतःलाच म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी मागच्याच तपासणीला विचारलं होतं, "काम कसलं करता?"

"बैठं," ती म्हणाली होती. खोटं काय होतं त्यात? बसूनच तर करायची.

"मग हरकत नाही. जिने जेवढ्यास तेवढे चढा."

अडतीस पायऱ्यांचं तिने गुलदस्त्यातच ठेवलं.

एवढा आटापिटा कशासाठी? तर पहिल्या खेपेमुळे. थोरलीच्या वेळी सगळ्यांनी तिला धरून घरी बसवलं. आठ आठवडे आधी. जपायला हवं, पहिलटकरीण आहेस, लोखंडात कसली कामं करतेस, एक ना दोन. बसली बिचारी. तारीख उलटली तरी बाळाचा पत्ता नाही. बारा दिवस उशिरा आल्या बाईसाहेब! म्हणजे जवळजवळ दहा आठवडे हिने छताकडे बघत घालवले आणि पोर चार महिन्यांचंही झालं नव्हतं तेव्हा परत क्रेनवर. पोर सासूकडे. सासूने काही कमी केलं नाही, उलट डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. पण घरात नवरा आपल्या आईला 'आई' म्हणणार, हीसुद्धा सासूला 'आई'च म्हणणार, मग पोर काय म्हणेल? तेही आजीला 'आई' म्हणायला लागलं. आणि हिला? नवरा 'अगं, अगं' करून हाका मारायचा, म्हणून पोर हिला 'अगं' म्हणायचं. अडीच वर्षांची होईपर्यंत! पाहुणे हसून लोळायचे. हीसुद्धा हसायची आणि मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडून रडायची.

आता पोर चार वर्षांची होती, आणि आजी ती आजी, आई ती आई एवढं तिला कळत होतं. पण पडली, खरचटलं की अजून ती आजीकडेच धावायची. म्हणून यावेळी हिने मनाशी पक्कं केलं होतं. कळा सुरू होईपर्यंत वर चढायचं. सव्वीसच्या सव्वीस आठवडे बाळाला द्यायचे, एक दिवस वाया घालवायचा नाही. रजेच्या बाईंनी, म्हणजे ऑफिसात रजांचं बघणाऱ्या बाईंनी, दोनदा फॉर्म पुढे केला आणि हिने दोनदा परत केला. तारखेचा रकाना कोराच.

आता क्रेनवाल्यांचा एक रिवाज सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. क्रेन चालवणाऱ्याला कोणी तपासत नाही. सकाळी वहीत त्याने स्वतःच सही करायची, 'आज मी चालवण्यास योग्य आहे.' बस्स. पण त्या आधी शॉपवाल्यांची स्वतःची अशी एक परीक्षा असे, कुठल्याही नियमात न लिहिलेली. दोन टनांचा एक लोखंडी ठोकळा क्रेनने उचलायचा. सिग्नलवाल्याने आपला जेवणाचा भरलेला डबा जमिनीवर ठेवायचा. ठोकळा डब्यावर सोडायचा आणि सिग्नलवाल्याने मूठ वर केली की थांबवायचा. झाकणाच्या वर एक बोट जागा राहिली पाहिजे. डबा चेपला तर त्या दिवशी त्या चालकाने जड काही उचलायचं नाही, मग तो कोणीही असो. अकरा वर्षांत हिच्या हातून एकही डबा चेपला नव्हता. डबा असायचा तो काकांचा. काका म्हणजे तिचे सिग्नलवाले, निवृत्तीला चौदा महिने राहिलेले, सडसडीत, पान न खाता सतत काहीतरी चघळल्यासारखा जबडा हलवणारे. डबा उचलून ते वर बघून ओरडायचे, "आजचं जेवण वाचलं गं बाई!"

त्या मंगळवारी काका आले नाहीत. बायकोला डोळ्यांच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. त्यांच्या जागी उभा राहिला चष्म्या. हा पस्तिशीचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, दुसऱ्या शॉपमधून नुकताच आलेला आणि कामाला एकदम चोख. त्याने रिवाजाप्रमाणे आपला डबा मधोमध ठेवला आणि हात वर केला.

ठोकळा खाली आला. चष्म्याची मूठ वर गेली. हिने लिव्हर मागे घेतला.

खाली काहीतरी करकरलं.

क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. मग चष्म्याने खाली बघितलं आणि डोक्याला हात लावला. डब्याचा पार पापड झाला होता. चारी बाजूंनी जेवण बाहेर आलं होतं. शॉपमधली वीस-बावीस माणसं होती तिथे थबकली.

"सिग्नल उशिरा आला!" केबिनच्या खिडकीतून ती ओरडली. तोंडातून आपोआप निघालं ते. खरंच तसं वाटलं तिला.

"नाही ताई, मी..." चष्म्या म्हणायला लागला, पण आजूबाजूच्या माणसांनी माना हलवायला सुरुवात केली होती. हिची अकरा वर्षं कुठे आणि याचा येऊन झालेला आठवडा कुठे. त्याने बिचाऱ्याने चेपलेला डबा उचलला आणि गप्प बसला.

शॉपचे इनचार्ज घड्याळाकडे बघत आले. बाहेर ट्रेलर उभा होता, टाकीवर अकरा टनांचं झाकण बसवून दुपारच्या आत ती रवाना करायची होती. रिवाज सगळ्यांनाच ठाऊक होता, पण त्या दिवशी दुसरा चालक सुट्टीवर होता. "परत एकदा घ्या," ते म्हणाले. दुसरा डबा द्यायला अर्थातच कोणी पुढे होईना. शेवटी ऑइलचा रिकामा डबा ठेवला.

यावेळी हिने मुठीची वाटच पाहिली नाही. अंदाजाने आधीच थांबवलं. झाकणाच्या वर चांगली वीतभर जागा उरली. याला काही परीक्षा म्हणत नाहीत, हे तिलाही कळत होतं आणि खालच्या दोघा-तिघांनाही. पण इनचार्ज "ठीक आहे, ठीक आहे" म्हणाले. तिने वही ओढली. आज मी चालवण्यास योग्य आहे. खाली सही. सही करताना पोटात बाळाने जोरात पाय मारला, आणि तिने पेन टेकवूनच ती कळ जिरवली.

टाकीचं झाकण उचललं तेव्हा सगळं नेहमीसारखंच होतं. साखळ्या ताणल्या, लोखंड तरंगलं, क्रेन सरकली. टाकीच्या कडेवर झाकण उतरवताना कडेच्या आत छोटे लाकडी ठोकळे सरकवावे लागत. चष्म्या शिडीवर उभा राहून उजव्या हाताने ते सरकवत होता आणि डाव्या हाताने सिग्नल देत होता. हळू, हळू. अजून हळू. मग मूठ.

तिने लिव्हर मागे घेतला. पण झाकण थांबलं नाही. चार बोटं आणखी खाली आलं आणि मग थांबलं.

चष्म्या किंचाळला.

खाली काय झालंय ते दिसेना. ती पुढे वाकली, पोट लिव्हरच्या दांड्यावर दाबलं गेलं, तरी वाकली. चष्म्या शिडीवरून खाली बसल्यासारखा उतरला होता आणि आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट करत होता. पाचही बोटं जागच्या जागी होती. हातमोजा मात्र झाकणाखाली अडकून राहिला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. हात वेळेवर निघाला म्हणून, नाहीतर त्या मोज्यात काय राहिलं असतं याचा विचारही करवत नव्हता.

इनचार्ज धावत आले. हात शाबूत आहे हे बघितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच आवाज चढला. "सिग्नल कधी दिलास? सकाळी डबा चेपला, आता हात चेपून घेणार होतास!"

चष्म्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. "वेळेवर दिला असं वाटलं साहेब. पण... असेल. उशीर झाला असेल."

"उद्या दुपारपर्यंत रिपोर्ट जाईल. तोवर तू सिग्नलला नाहीस. वरच्या बाई, तुमचा जबाब उद्या सकाळी. आज क्रेन बंद."

ती अडतीस पायऱ्या उतरली. प्रत्येक पायरीला कठडा धरत उतरली. खाली चष्म्या पाणी पीत बसला होता. ती त्याच्याकडे न बघता जवळून गेली.

ती घरी आली. नवरा शाळेतल्या प्रयोगशाळेत मदतनीस होता, चार वाजता यायचा. त्याने चेहरा बघितला आणि खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं.

"चूक त्याची होती ना?" नवरा म्हणाला. "मग तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

"त्याचीच होती," ती म्हणाली. "असणार."

सासू ओट्याशी भांडी पुसत होती. तिने मागे न वळता म्हटलं, "आता पुरे कर. उद्याच्या उद्या फॉर्म भर."

"आई, मागच्या वेळी ऐकलं ना तुमचं? काय मिळालं मला?"

सासूने हातातलं पातेलं ठेवलं. इतकं हळू ठेवलं की आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. "तुला काय मिळालं ते मी चार वर्षं बघतेय. पोर माझ्याकडे धावली की तुझं तोंड बघवत नाही मला. मी काय चोरी केली होती का गं? रडत होती, उचललं. भूक लागली, भरवलं. तू मला शिक्षा म्हणून वर चढतेस असं वाटतं कधीकधी."

"तसं नाही आई."

"मग कसं आहे ते सांग."

नवरा या दोघींच्या मध्ये कधी पडत नसे, तसा तो आताही पडला नाही, चपला घालून पोरीला खाली खेळायला घेऊन गेला. शहाणा माणूस! पण त्या दिवशी तिला त्याचा मनस्वी राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका हजर होते. चष्म्या कोपऱ्यात झाडलोट करत होता. काकांना सगळं कळलं होतं, ते कुणाशीच बोलत नव्हते. त्यांनी आपला डबा मधोमध ठेवला, रोजच्यासारखा.

ती वर बसली. ठोकळा उचलला, डब्यावर आणला. रोज ती फक्त काकांच्या हाताकडे बघायची, चालकाने तेच बघायचं असतं. आज तिने तसं केलं नाही. खुर्ची मागे असू दे, पोट दुखू दे, ती कंबरेतून पुढे झुकली, कपाळ काचेला टेकवलं आणि एका नजरेत काकांची मूठ आणि डबा दोन्ही धरले.

ठोकळा डब्यापासून चांगला अर्धा हात वर होता, तेव्हाच काकांची मूठ वर गेली.

तिने लिव्हर मागे घेतला. ठोकळा खाली आला, आला, आणि झाकणाच्या वर एक बोटावर थांबला.

"आजचं जेवण वाचलं गं बाई!" काका ओरडले.

ती तशीच बसून राहिली. तिचा हात उशिरा चालत होता. तोंडात कोणी मारावी तसं ते कळलं तिला. कोपर सरळ झालं की मनगटात जोर राहत नाही, लिव्हर मागे यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात वीस टन काय अन् दोन टन काय, खाली जातच राहतं. चष्म्याने मूठ बरोबर वेळेवर वर केली होती. डब्याच्या वेळीही आणि हाताच्या वेळीही. आणि काका रोज सकाळी, रोज प्रत्येक ओझ्याला, मूठ आधीच वर करत होते.

ती पायऱ्या उतरली. धाप लागली होती तरी थांबली नाही. काका डबा फडक्यात बांधत होते.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"काका, मला बनवू नका. कधीपासून मूठ आधी वर करताय?"

त्यांचा जबडा हलायचा थांबला. "खुर्ची मागे घेतलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. त्या दिवशी ठोकळा डब्याला शिवला होता. चेपला नव्हता, नुसता शिवला. मी झाकण पुसलं आणि काही बोललो नाही."

"तीन आठवडे! तीन आठवडे तुम्ही मला वर बसू दिलंत?"

"मग काय करायला हवं होतं?" काका चिडलेच. "सांगितलं असतं तर त्याच दिवशी घरी बसली असतीस. गेल्या वेळची तुझी कथा मला ठाऊक नाही का? तुला बाळासाठी आठवडे हवे होते. मला वाटलं, माझ्या हातात आहेत तेवढे देऊन टाकावेत. मी समोर असताना काही बिघडत नव्हतं."

"आणि तुम्ही समोर नसताना?"

कोपऱ्यात झाडूचा आवाज येत होता. चष्म्याने या दोघांचं काही ऐकलं नव्हतं, तो नुसता खाली मान घालून लोखंडाचा कीस गोळा करत होता. ही त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

"हे बघ," काका आवाज खाली आणून म्हणाले, "रिपोर्टमध्ये त्याच्यावर आलं तरी फार काही होत नाही. दोन-तीन महिने सिग्नलवरून काढतील, मग परत घेतील. आता मी आहे. तू खुर्ची एक खाच पुढे घे, मी बघतो बाकीचं. सहा आठवडे काय, बघता बघता जातील."

आणि खरं सांगायचं तर ती क्षणभर विचार करत उभी राहिली. करणारच! सहा आठवडे म्हणजे काय चेष्टा आहे? सहा आठवड्यांत बाळ हसायला लागतं, ओळखायला लागतं. कोणाकडे बघून हसायचं ते ठरवतं. ते सहा आठवडे समोर होते आणि फक्त गप्प बसायचं होतं. सिग्नल उशिरा आला एवढंच सांगायचं, जे कालपर्यंत तिला खरंच वाटत होतं. लबाडीसुद्धा नाही, कालचं खरं आज परत सांगायचं, एवढंच.

"त्याला वाटतंय त्याचे डोळे गेले," ती म्हणाली. "काल तो चष्मा पुसत होता काका."

"त्याला समजावता येईल."

"आणि मला? मला कोण समजावणार?"

ती वळली आणि इनचार्जच्या केबिनकडे चालायला लागली. पाय जड झाले होते, पोट खाली ओढत होतं, आणि तिला इतकं रडू येत होतं की समोरचं धड दिसत नव्हतं. रडत रडतच ती आत गेली.

"साहेब, जबाब लिहून घ्या. सिग्नल वेळेवर होता. हात माझा उशिरा होता. तीन आठवडे उशिरा चालतोय."

इनचार्ज खुर्चीतून अर्धे उठले. "तीन आठवडे? आणि रोजचा डबा? रोज पास होत होतात तुम्ही."

काकांचं नाव तिच्या जिभेवर येईना. तेवढ्यात दार ढकलून काकाच आत आले. "डब्याचं मला विचारा," ते म्हणाले, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळे झाले. चौकशी संपेपर्यंत काकांनाही सिग्नलवरून काढलं. चौदा महिने राहिले होते निवृत्तीला, एका डागाशिवाय. बाहेर पडताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. तिने "काका" म्हणून हाक मारली तेव्हा हात वर करून नुसतं 'राहू दे' केलं आणि चालते झाले. ते तिला फार लागलं.

चष्म्याला इनचार्जनी बोलावून सांगितलं तेव्हा त्याने आधी चष्मा काढून परत लावला. मग तिच्याकडे बघून म्हणाला, "ताई, रात्रभर एक डोळा झाकून घरातलं कॅलेंडर वाचत होतो मी." त्याने आभारबिभार मानले नाहीत. मानावेत असं काही नव्हतंच त्यात.

रजेच्या बाईंनी तिसऱ्यांदा फॉर्म पुढे केला. "सोमवारपासून लिहू? आठवडा तेवढा पदरात पडेल."

"आजपासून लिहा."

"आजचा अर्धा दिवस भरलाय तुमचा."

"असू दे."

तिने तारीख घातली. सहा आठवडे आधी, म्हणजे नंतर वीस. हे बाळही बहिणीसारखं रमतगमत आलं तर अठराच. तिने सही केली आणि पेन परत दिलं.

घरी पोचली तेव्हा दुपार होती. दार सासूने उघडलं. तिने हिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं, आणि आधी पाण्याचा तांब्या आणून दिला. मग विचारलं, "कुणाला काही झालं नाही ना?"

"हात वाचला एकाचा. नशीब त्याचं." मग तिने सगळं सांगितलं. काकांचंही. सासूने मध्ये एकदाही 'मी म्हणत नव्हते का?' असं म्हटलं नाही. म्हणायची संधी होती, पण म्हटलं नाही.

लेक नुकतीच बालवाडीतून आली होती. आतून धावत बाहेर आली आणि दारातच थबकली.

"आजी, ही आत्ता का आली?"

कुणाला काय दोष द्यायचा! या वेळेला आईला घरात बघायची तिला सवयच नव्हती. हिच्या मनात आलं, गेले कित्येक महिने आपण आठवडे मोजतोय, पण ते सगळे पोटातल्याचे. या लेकीसाठी एकसुद्धा मोजला नाही.

"मी आता घरीच आहे," ती म्हणाली. "उद्याही. परवाही."

लेकीने यावर जरा विचार केला आणि विशेष काही नाही असं ठरवून ती कंगवा घेऊन आजीसमोर जाऊन बसली. दुपारी आजीकडून वेण्या सोडवून परत घालून घ्यायच्या, हा त्या दोघींचा रोजचा कार्यक्रम होता. हिला तो ठाऊकही नव्हता.

सासूने कंगवा हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि म्हणाली, "माझा खांदा धरलाय आज. आईकडे जा."

"तिला येत नाही."

"नाही येत तर शिकेल. सहा आठवडे आहेत."

लेक उठली, नाइलाजाने आली आणि आईकडे पाठ करून जमिनीवर बसली. पोटामुळे हिला पुढे वाकता येईना, तेव्हा हिने तिला मागे ओढून पायांच्या मध्ये घट्ट बसवलं. भांग कुठून काढायचा तेही समजेना. केसांत गुंता होता.

"ओढू नकोस हं," लेक म्हणाली. "आजी ओढत नाही."

"ओढलं तर लगेच सांग," ती म्हणाली. आवाज कापत होता तो तसाच कापू दिला. "दुखलं की तेव्हाच सांगायचं मला. गप्प बसायचं नाही."